हुबळीचा कॉल कुणी घेतला

टेलिफोनमध्ये नोकरी केलेल्या बाईकडं किस्से का साठतात, सांगू? ते सांगायला बंदी असते म्हणून. शाळेतली बाई शाळेतलं घरी येऊन सांगते, नर्स दवाखान्यातलं सांगते आणि हलकी होते. आम्ही दिवसभर दुसऱ्याचं बोलणं कानावर घ्यायचं, आणि घरी कुणी ‘आज काय विशेष?’ म्हटलं की ‘काही नाही’ म्हणायचं. सोलापूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये कधी काही घडतच नाही, असं माझ्या नवऱ्याला शेवटपर्यंत वाटत होतं. बिचारा.

म्हणून आधीच सांगून ठेवते. आज जे सांगणार आहे ते लाइनीवर ऐकलेलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. नावं बदललेली आहेत, तेव्हा ओळखी काढत बसू नका.

सत्तर सालानंतरच्या दिवसांतली गोष्ट. परगावी फोन करायचा तर तेव्हा आम्हाला सांगावं लागायचं. नंबर नोंदवायचा, वाट बघायची, मग आमच्यातली एखादी हातानं दोर खुपसून इकडची लाइन तिकडं जोडून द्यायची. बोलणं चालू आहे का संपलं, ते बघायला मध्येच कळ दाबून कान द्यावा लागे. म्हणजे कान दिल्याशिवाय काम होत नाही, आणि कानावर पडलेलं बाहेर गेलं तर नोकरी जाते. वर खटलाही होऊ शकतो. रुजू होतानाच तशी सही घेतलेली असायची. मी त्या खोलीची सुपरवायझर, इनामदारबाई. मुली माझ्यामागं मला काय म्हणायच्या ते मला पक्कं माहीत होतं. तेही मी कुणाला सांगितलेलं नाही.

*

एके दिवशी सकाळी दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरी टोपी, कपाळाला भस्म. चादरींचे व्यापारी. आपण त्यांना चन्नप्पा शेठ म्हणू. आत यायला बाहेरच्यांना मनाई होती, म्हणून ते उंबऱ्यावरच थांबले आणि तिथूनच बोलले.

“बाई, माझ्या मुलीचं लग्न ठरत आलंय हुबळीला. व्याह्यांना मी फोनवर एक गोष्ट सांगितली. ती फक्त त्यांना सांगायची होती. त्यांनी समजून घेतलं, पोटात ठेवतो म्हणाले. आता आमच्या गल्लीतल्या बायका माझ्या बायकोला येऊन विचारतात.”

काय गोष्ट होती ते मी तुम्हाला सांगणार नाही. मुलीच्या प्रकृतीबद्दल होती, एवढं पुरे. पोरीचं आयुष्य त्यात अडकलं होतं.

“आमी दोघंच बोललो,” शेठ म्हणाले. “कन्नडमधी बोललो. तिसरा कान तुमच्या खोलीतला.”

मी वळून हुबळीच्या बोर्डाकडं बघितलं. कारण खोलीत कन्नड समजणारी एकच होती, महादेवी. अक्कलकोटच्या बाजूची. हुबळी, गुलबर्गा, विजापूर, सगळे कॉल मी मुद्दाम तिच्याकडं द्यायची, कारण पलीकडचा ऑपरेटर कन्नडशिवाय धड बोलत नसे. त्या दिवसाचा हुबळीचा कॉलही तिनंच जोडलेला. ती अजून टेंपररी होती. नवऱ्याचं गिरणीतलं काम सुटलेलं, दोन पोरं, सासू, आणि सगळं घर तिच्या पगारावर.

शेठनी लेखी तक्रार दिली. पुण्याहून चौकशीला साहेब येणार असं कळलं. तोवर महादेवीला कामावर ठेवायचं, पण लक्ष ठेवायचं. दोषी ठरली तर त्याच दिवशी घरी.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं, “तू कुणाजवळ काही बोललीस का?”

“न्हाई बाई.”

“मग बाहेर कसं गेलं?”

ती बोर्डावर परत जाऊन बसली. मला वाटलं, घाबरलीय.

*

वरच्यांनी काय करावं? आग लागली माझ्या खोलीत आणि मला पाठवलं बाहेर पाणी मारायला. आजूबाजूची छोटी एक्स्चेंजं आणि कारखान्यांचे खाजगी बोर्ड तपासा, गुप्ततेचा नियम सगळीकडं पाळला जातो का बघा, जिथं पाळत नाहीत तिथं शिकवून या.

पहिलं मोहोळ. तिथल्या ऑपरेटरला आपण दगडू म्हणू. माणूस सोन्यासारखा, सगळं गाव त्याला आवाजावरून ओळखीचं. मी शेजारी बसले होते. सोलापूरहून एका बाईंचा कॉल आला. माहेरी आल्या होत्या, नवऱ्याशी बोलायचं होतं, नवरा मोहोळला गोडाऊनमध्ये असणार होता.

दगडूनं नंबर लावायच्या आधीच सांगून टाकलं, “वैनी, साहेब गोडावनात न्हाईत. टूरिंग टॉकीजला गेलेत. मगाशी दोन खुर्च्या धरून ठेवा म्हणून फोन केलता की. थांबा, तितं लावून देतो.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दगडू मात्र खूष. मी त्याला कोपऱ्यात घेतलं आणि झाडला.

“बाई, मी बोलणं कुटं सांगितलं? माणूस कुटं हाय तेवढंच सांगितलं.”

“दगडू, माणूस कुठं आहे हेही त्याचंच असतं. त्यानं सांगायचं का नाही ते त्याला ठरवू दे.”

त्याला पटलं असावं. चेहरा पडला. थोडा वेळ विचार करून म्हणाला, “मग बाई, आता साहेबांना तेवढं कळवू का, की वैनींना कळलंय म्हणून?”

*

मग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला एक कारखाना. टॉवेलचा. नाव सोडा. तिथला बोर्ड इस्माईल नावाच्या तरुणाकडं होता. गेले तर त्याच्या शेजारी दुसरी खुर्ची, आणि खुर्चीवर दुसरा हेडफोन.

“हे कुणाचं?” मी विचारलं.

इस्माईल खाली बघायला लागला. “मॅनेजर साब का है, बाई. कामगारां का फोन आया की मेरेकू बुलाव बोलते.”

कामगारांचा पुढारी त्या फोनवरून युनियनच्या कचेरीत बोलायचा आणि मॅनेजर इस्माईलशेजारी बसून ऐकायचे. संपाचे दिवस होते. पुढाऱ्याला हे माहीत नव्हतं. इस्माईलला माहीत होतं, आणि त्याच पुढाऱ्याच्या घराशेजारी तो राहत होता. पोराचा चेहरा सुकून गेला होता.

मॅनेजर आले. उंच, टाय लावलेले. म्हणाले, “मॅडम, बोर्ड माझा, ऑपरेटर माझा, बिल कंपनी भरते.”

“बोलणं तुमचं नाही,” मी म्हटलं.

“आणि हा हेडफोन नाही काढला तर?”

“तर मी आज लेखी कळवते आणि तुमची ट्रंक लाइन बंद करायला सांगते.”

लाइन बंद करायचा मला काडीचाही अधिकार नव्हता, बरं का. तिकडं महादेवीची चौकशी लागलेली, त्यात याची तक्रार गेली असती तर आम्ही दोघीही बुडालो असतो. मॅनेजर माझ्याकडं बघत राहिले. मीही बघत राहिले. शेवटी त्यांनी स्वतः हेडफोन उपसून टेबलावर ठेवला.

मला सोडायला दारापर्यंत आले. इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. “मॅडम, मुंबईला आमचं हेड ऑफिस आहे. तिथल्या बोर्डालासुद्धा अशी दुसरी खुर्ची असेल का हो?”

*

मी बाहेर फिरत होते तोवर खोलीत वेगळंच शिजत होतं. मुलींनी महादेवीबरोबर डबा खाणं सोडलं. पुढाकार अनसूयाचा. ती विणकरांच्या घरातली, तेलुगू बोलणारी, जीभ तिखट. “हिच्यामुळं आपल्या सगळ्यांना लोक चोर म्हणतायत,” असं तिच्या तोंडावर म्हणाली. महादेवी खिडकीपाशी बसून एकटी भाकरी खायची. मला ते बघवत नव्हतं, आणि सुपरवायझर म्हणून बाजूही घेता येत नव्हती.

त्यातच वरून हुकूम आला. कुणा हुशार माणसाच्या डोक्यातून निघाला देव जाणे. ज्या भाषेतलं बोलणं असेल ती भाषा न येणाऱ्या ऑपरेटरकडंच तो कॉल द्यावा. समजलंच नाही तर बाहेर जाणार काय!

झालं. हुबळीचा बोर्ड अनसूयाला. हैदराबादचा महादेवीला. पहिल्या तासातच खोलीचा बाजार झाला. हुबळीचा ऑपरेटर कन्नडमध्ये ओरडतोय, अनसूया तेलुगूत ओरडतेय, आणि मध्ये नोंदवलेले कॉल तुंबलेत.

दुपारी तर नको ते घडलं. एक म्हातारे गृहस्थ विजापूरला बोलत होते. अनसूयानं कळ दाबून कान दिला. पलीकडून ‘सरी, सरी’ ऐकू आलं आणि मग काहीच नाही. तिला वाटलं, बरं बरं म्हणाले, संपलं. तिनं दोर ओढला. पलीकडं बोलणं संपलं नव्हतं. म्हाताऱ्यांच्या घरात कुणी गेलं होतं, आणि बातमी ऐकून पलीकडच्या माणसाला पुढं बोलता येत नव्हतं. म्हातारे पुन्हा फोनवर आले, तेव्हा अनसूयाला कळलं. ती हेडफोन काढून रडायलाच लागली.

महादेवी उठली. कुणाला न विचारता तिनं अनसूयाच्या हातातला दोर घेतला, विजापूर पुन्हा जोडलं, म्हाताऱ्यांशी कन्नडमध्ये हळू दोन शब्द बोलली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. हुकूम मोडला होता. मी मान दुसरीकडं वळवली.

संध्याकाळी मी वर फोन लावला. म्हटलं, “साहेब, तुमचा हुकूम पाळतोय. कन्नड तेलुगूवालीला दिलं, तेलुगू कन्नडवालीला दिलं. आता एवढं सांगा, सोलापुरात मराठी कॉल कुणाकडं द्यायचे?”

दुसऱ्या दिवशी हुकूम मागं घेतला.

*

चौकशीच्या आदल्या दिवशी एक फौजदार आले. एका माणसानं बंगळूरला फोन केला होता, तो काय बोलला ते त्यांना हवं होतं. मी म्हटलं, “लेखी ऑर्डर आणा. त्यात जेवढं लिहिलं असेल तेवढं मिळेल. बोलणं काही आम्ही साठवून ठेवत नाही.”

ते हसले. “बाई, ऑर्डर कशाला? तुमच्या खोलीतनं तसंही सगळं बाहेर येतंच की. गावात बोंब हाय.”

पाठमोऱ्या बसलेल्या महादेवीला ते ऐकू गेलं. मला इतका राग आला की कानशिलं तापली. गावात सात पिढ्या राहिलेली बाई मी, असलं ऐकून घ्यायची सवय नाही.

“गावात मिळतंय ना, मग गावात विचारा,” मी म्हटलं. “इथं ऑर्डर लागते.”

गेले. पुन्हा आले नाहीत. पण त्यांचं वाक्य खोलीतच राहिलं. अनसूया उठली, आपला डबा घेऊन खिडकीपाशी महादेवीच्या शेजारी जाऊन बसली. काही बोलली नाही. तिच्या बाबतीत ते मोठंच होतं.

*

चौकशीचे साहेब मऊ बोलणारे होते. असले फार वाईट. माझ्या केबिनमध्ये टेबलापलीकडं ते, एका बाजूला चन्नप्पा शेठ, दुसऱ्या बाजूला महादेवी. मी भिंतीला टेकून उभी.

“तुम्ही हा कॉल जोडला?”

“व्हय साहेब.”

“तुम्ही मध्ये कान दिला?”

“दिला. द्यावाच लागतोय.”

“मग काय ऐकलं?”

“आवाज ऐकला. बोलणं चालू हाय एवढं कळलं, कळ सोडली.”

साहेब हसले. “बाई, तुम्हाला कन्नड येतं. कानावर पडलेलं समजलं नाही असं कसं होईल? हे बघा, काय ऐकलं ते प्रामाणिकपणे सांगा. शेठसमोर सांगा. चूक कबूल केलीत तर मी शिक्षा हलकी लिहीन. गप्प बसलात तर मला एकच अर्थ काढावा लागेल.”

महादेवी गप्प. मनात म्हटलं, बोल गं बाई काहीतरी, पोरं आहेत तुझ्या पदरात.

साहेबांनी लेखणी उचलली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी आणखी एक विचारलं. “बरं, त्या दोघांखेरीज लाइनीवर आणखी कुणी होतं का?”

महादेवीनं मान खाली घातली. “ते सांगता येणार न्हाई साहेब.”

“नव्हतं असं म्हणा की.”

“तसं बी म्हणता येणार न्हाई.”

“होतं, असं म्हणताय?”

“मी काईच म्हणत न्हाई, साहेब. लाइनीवर कोण होतं, कोण नव्हतं, ते मी बाहेर सांगायचं नसतंय. सांगितलं तर मग शेठनी लिहिलंय ते खरंच हाय की.”

साहेब वैतागले. “या बाईंना नोकरी वाचवायचीच नाही,” असं मला म्हणाले आणि लिहायला लागले.

मी मात्र शेठकडं बघत होते. पेठेतल्या बऱ्याच व्यापाऱ्यांसारखं त्यांचंही होतं. खाली दुकान, वर घर, लाइन एकच आणि फोन दोन. खाली बोलणं चालू असताना वर कुणी फोन उचलला तर खालच्याला पत्ता लागत नाही. आम्हाला लागतो. आवाज एकदम बारीक होतो. शेठ खुर्चीत पुढं सरकले होते ते हळूहळू मागं टेकले. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. तोंडावरचा रंग पार उतरला होता. साहेबांना नमस्कार न करताच ते उठून गेले.

साहेब म्हणाले, निकाल उद्या कळवतो. महादेवी बोर्डावर जाऊन बसली. मी तिला म्हटलं, “घरी जा आज.” ती म्हणाली, “उद्यापासनं घरीच हाय की बाई. आज बसते.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉल नोंदवणाऱ्या मुलीनं मला हाक मारली. चन्नप्पा शेठनी हुबळी मागितलं होतं, अर्जंट. आणि म्हणाले होते, त्या कन्नडवाल्या बाईंनीच लावून द्यावा, दुसरी कुणी नको.

सगळ्या खोलीचे हात थांबले. मी महादेवीकडं बघितलं. तिनं दोर उचलला, हुबळी जोडलं आणि कळ सोडून दिली. नंतर मध्ये एकदाच कान दिला, तोही डोळे मिटून.

हुबळीच्या ऑपरेटरनं बोलणं संपल्याचं कळवलं. पलीकडची लाइन तिनं सोडवली. पण शेठनी फोन ठेवला नसावा. ते तिच्याशीच बोलायला लागले. बराच वेळ बोलत होते. मला तिच्या बाजूचं ‘हं’ आणि ‘हं’ एवढंच ऐकू येत होतं. एकदा ती कन्नडमध्ये एक वाक्य बोलली, ते मला कळलं नाही. मग म्हणाली, “सरी.” दोर काढला. पदरानं डोळे पुसले आणि लगेच गुलबर्ग्याचा कॉल घेतला.

मी केबिनमध्ये येते तोच साहेबांचा फोन. तक्रारदारानं तक्रार मागं घेतली आहे. सकाळी स्वतः भेटून गेला, कारण काही सांगायला तयार नाही. बाईंचं काम पूर्वीसारखं चालू ठेवा.

मी धावतच बाहेर आले. अनसूया रडत होती आणि हसत होती. मी महादेवीच्या खांद्यावर हात ठेवला. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. “अगं, काय म्हणाले शेठ? कुणी केलं होतं म्हणाले? मुलीचं लग्न होतंय ना?”

महादेवीनं हेडफोन एका कानावरून बाजूला केला आणि माझ्याकडं बघितलं.

“बाई, ते लाइनीवर बोलले की वो. तुमाला कसं सांगू?”